सव्वीस गाणी, दोन तबकड्या: पिंक फ्लॉइडचं 'एकोज' नीट समजून घेताना

ऑक्टोबर २०२४ मध्ये पिंक फ्लॉइड या इंग्लिश बँडने आपल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क सोनी म्युझिकला विकले. बातम्यांमध्ये सौद्याची रक्कम सुमारे ४० कोटी डॉलर अशी आली होती. तेव्हापासून दोन प्रश्न वारंवार विचारले जातात. पन्नास-पन्नास वर्षांच्या जुन्या गाण्यांना एवढं मोल का? आणि हा बँड कधी ऐकलाच नसेल, तर सुरुवात कुठून करायची?

दुसऱ्या प्रश्नाचं नेहमीचं उत्तर म्हणजे 'एकोज: द बेस्ट ऑफ पिंक फ्लॉइड'. नोव्हेंबर २००१ मध्ये आलेल्या या संकलनात दोन सीडी आणि २६ गाणी आहेत. 'निवडक गाणी' म्हटलं की आपण ते फार गंभीरपणे घेत नाही. दुकानदाराने पाच डब्यांतली पाच मिठाया एका खोक्यात भरून द्यावी, तसं काहीतरी वाटतं. 'एकोज'ला ते लागू पडत नाही. त्यातली गाणी जुनीच आहेत, पण ती कोणत्या क्रमाने लावली आणि एकमेकांना कशी जोडली, हे नव्याने केलेलं काम आहे. ते काम दिसलं की पहिल्या प्रश्नाचंही निम्मं उत्तर मिळतं.

आधी बँडची ओळख

पिंक फ्लॉइड १९६५ मध्ये लंडनमध्ये उभा राहिला. सिड बॅरेट गिटार वाजवायचा, गायचा आणि गाणी लिहायचा. रॉजर वॉटर्स बास गिटारवर, रिचर्ड राइट की-बोर्डवर आणि निक मेसन ड्रम्सवर. १९६७ मध्ये पहिला अल्बम आला आणि त्याच वर्षाच्या शेवटी बॅरेटची मानसिक अवस्था इतकी ढासळली की डेव्हिड गिल्मर या दुसऱ्या गिटारवादकाला बोलवावं लागलं. १९६८ मध्ये बॅरेट बाहेर पडला. पुढे वॉटर्स मुख्य लेखक झाला आणि १९८५ मध्ये तोही बाहेर पडला. नंतर गिल्मरच्या नेतृत्वाखाली १९८७ आणि १९९४ मध्ये दोन अल्बम निघाले.

म्हणजे नाव एक असलं तरी कारभारी तीन. २००१ पर्यंतच्या १४ स्टुडिओ अल्बममध्ये तीन वेगवेगळ्या स्वभावांचं संगीत आहे.

या संगीताला 'आर्ट रॉक' म्हणतात. तीन मिनिटांत संपणाऱ्या नाचाच्या गाण्याऐवजी पूर्ण अल्बमच एक सलग रचना मानायचा, त्यात घड्याळं, नाण्यांचा खणखणाट, बोलण्याचे तुकडे असे आवाज गुंफायचे, गाणं वीस मिनिटांचं झालं तरी होऊ द्यायचं, असा हा प्रकार. फेब्रुवारी २००७ मध्ये वॉटर्सने मुंबईत कार्यक्रम केला, तेव्हा 'द डार्क साइड ऑफ द मून' हा १९७३ चा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत त्याच क्रमाने सादर झाला. क्रम हाच ज्यांच्या कामाचा कणा आहे, अशांची निवडक गाणी काढायची म्हणजे कादंबऱ्यांतली प्रकरणं उचलून नवी कादंबरी बांधण्यासारखं आहे. 'एकोज'ची खरी अडचण ही होती.

एका सीडीत मावतं किती?

सीडीचं मूळ माप ७४ मिनिटांचं, फार ताणलं तर ८०. 'एकोज'ची पहिली सीडी जवळपास ७७ मिनिटांची आहे आणि दुसरी साडेअठ्ठ्याहत्तर. डबा काठोकाठ भरलेला आहे.

आता हिशोब करून पाहा. ज्या गाण्यावरून संकलनाला नाव मिळालं, ते 'एकोज' मूळ अल्बमवर २३ मिनिटं ३१ सेकंदांचं आहे. संकलनात ते १६:३० झालंय. तिथे ते पूर्ण ठेवलं असतं तर पहिली सीडी ८३ मिनिटांच्या पुढे गेली असती. दुसऱ्या सीडीच्या आरंभी 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' आहे. मुळात त्याचे नऊ भाग आहेत, सुमारे २६ मिनिटांचे. संकलनात सातच भाग घेतले, १७:३२ चे. नऊच्या नऊ घेतले असते तर दुसरी सीडी ८७ मिनिटांच्या आसपास गेली असती. दोन्ही ठिकाणी पर्याय दोनच होते: लांब गाणं कापा, नाहीतर दुसरं एखादं गाणं काढून टाका.

मापाने संगीत घडवण्याची गोष्ट आपल्याला नवी नाही. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास मावायचं. तासभर रंगणारा ख्याल त्या तीन मिनिटांत बसवताना आलाप किती, बंदिश किती, तान कुठे, हे गायकाला नव्याने ठरवावं लागलं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या आपण आजही ऐकतो त्या मैफलीचा कापलेला तुकडा म्हणून नव्हे, त्या मापात बसवलेली पूर्ण वस्तू म्हणून. फरक एवढाच की तिथे गायक स्वतः गातानाच आवरतं घेत होता. इथे तीस वर्षांपूर्वी वाजवून झालेल्या टेपवर कात्री चालवायची होती.

हे काम जेम्स गथ्रीने केलं. तो बँडचा जुना ध्वनितंत्रज्ञ. १९७९ च्या 'द वॉल' अल्बमच्या निर्मात्यांपैकी एक. घरातल्याच माणसाने कात्री धरली, म्हणून ती कुठे लावायची आणि कुठे नाही, याची जाण जागोजागी दिसते.

कालक्रम का मोडला?

अशी संकलनं सहसा जुन्याकडून नव्याकडे जातात. १९६७ पासून सुरू, १९९४ ला समाप्त. ऐकायला सोपं, लावायलाही सोपं. पण तसं केलं असतं तर पहिली वीस मिनिटं एका बँडची, पुढचे पावणेदोन तास दुसऱ्याचे आणि शेवटचा अर्धा तास तिसऱ्याचा वाटला असता.

गथ्रीने आणि बँडने कालक्रम सोडून दिला. पहिल्या सीडीत १९६७ ची दोन गाणी होताच थेट १९७९ चं 'अनदर ब्रिक इन द वॉल, पार्ट टू' येतं, त्याला लागून १९७१ चं 'एकोज', मग पुन्हा १९७९, मग १९९४ चं 'मरून्ड' आणि त्याला लागून १९७३ चं 'द ग्रेट गिग इन द स्काय'. हे वाचताना विस्कळीत वाटतं. ऐकताना वाटत नाही.

मैफलीचा क्रम डोळ्यांसमोर आणा. गायक राग त्यांच्या जन्मसालानुसार गात नाही. भारदस्त ख्यालानंतर ठुमरी, मग एखादं नाट्यपद, शेवटी भैरवी. श्रोत्याचं मन कुठे ताणलं गेलंय, कुठे सैल सोडायचंय, त्यावर पुढची चीज ठरते. 'एकोज'चा क्रम तसाच लावलेला आहे. साडेसोळा मिनिटांच्या लांब गाण्यानंतर 'हे यू' हे साडेचार मिनिटांचं गाणं. मग 'मरून्ड'चा शब्दांविना दोन मिनिटांचा तुकडा, मूळ साडेपाच मिनिटांतून काढलेला. तो इथे स्वतंत्र गाणं म्हणून आलेलाच नाही. दोन मोठ्या खोल्यांमधल्या ओसरीसारखा आहे.

यातली सर्वांत विचारपूर्वक केलेली जागा दुसऱ्या सीडीच्या उत्तरार्धात आहे. नववं गाणं 'अर्नॉल्ड लेन', बँडचं १९६७ चं पहिलं सिंगल (म्हणजे सुटं विकलेलं गाणं), बॅरेटने लिहिलेलं. दहावं 'विश यू वेअर हिअर', १९७५ चं, ज्यात दुरावलेल्या बॅरेटची आठवण आहे. अकरावं 'जगबँड ब्लूज', बँड सोडण्यापूर्वी बॅरेटने लिहिलेलं आणि गायलेलं, १९६८ च्या अल्बममधलं. 'तू इथे असतास तर' म्हणणारं गाणं त्याच माणसाच्या दोन गाण्यांच्या मधोमध ठेवलंय. एका बाजूला तो येतानाचा आवाज, दुसऱ्या बाजूला तो जातानाचा. कोणत्याही मूळ अल्बमवर हे ऐकायला मिळत नाही, कारण ही तीन गाणी कधी एकत्र आलीच नव्हती. केवळ शेजार बदलून जुन्या गाण्याला नवा अर्थ मिळतो, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

संपूर्ण संकलनाची चौकटही बॅरेटचीच आहे. पहिलं गाणं 'अॅस्ट्रॉनॉमी डॉमिने' आणि शेवटचं 'बाइक', दोन्ही बॅरेटची, दोन्ही पहिल्या अल्बममधली. २६ पैकी पाच गाणी त्याची. तीन वर्षांत बाहेर पडलेल्या माणसाला एवढी जागा जास्त नाही का, असा आक्षेप घेतला गेला आहे. कालावधी मोजला तर आक्षेप खरा ठरतो. पण पुढच्या पंचवीस वर्षांत बँडने त्याच्याविषयी, त्याच्या नसण्याविषयी जेवढं लिहिलं, ते पाहता ही चौकट मला योग्य वाटते. बॅरेट तेव्हा केंब्रिजला एकांतात राहत होता. तो वारला जुलै २००६ मध्ये.

अशीच एक छोटी जोडी वॉटर्सच्या वडिलांची आहे. एरिक फ्लेचर वॉटर्स फेब्रुवारी १९४४ मध्ये इटलीतल्या अँझिओच्या लढाईत मारले गेले. रॉजर तेव्हा पाच महिन्यांचा होता. दुसऱ्या सीडीवर 'द फ्लेचर मेमोरिअल होम', 'कम्फर्टेब्ली नम्ब' आणि 'व्हेन द टायगर्स ब्रोक फ्री' ही गाणी लागोपाठ येतात. पहिल्याच्या नावात वडील आहेत. तिसऱ्यातले 'टायगर' म्हणजे त्या लढाईतले जर्मन रणगाडे. हे तिसरं गाणं १९८२ मध्ये 'द वॉल'वरच्या चित्रपटासाठी केलेलं आणि सिंगल म्हणून निघालेलं. तोवर बँडच्या कोणत्याही अल्बमवर नव्हतं. जुन्या चाहत्यांनी संकलन विकत घेण्यामागे हे गाणं हे एक ठोस कारण होतं.

सांधा बसवायचा म्हणजे काय करायचं?

'एकोज'मध्ये बहुतेक गाणी मधे न थांबता एकातून एक निघतात. याला क्रॉसफेड म्हणतात: एक गाणं हळूहळू विरत असतानाच दुसरं हळूहळू वर आणायचं. लिहायला सोपं, करायला किचकट.

पहिली अडचण आवाजाच्या पातळीची. दोन्ही गाणी मधल्या बिंदूला बरोबर निम्म्यावर आणली तर कानाला तिथे खड्डा जाणवतो. एकमेकांशी संबंध नसलेले दोन ध्वनी निम्मे-निम्मे मिसळले की एकूण शक्ती निम्म्याने घटते. म्हणून मध्यबिंदूला प्रत्येक गाणं साधारण ७० टक्के उंचीवर ठेवतात. मग सांधा सपाट लागतो.

दुसरी अडचण सुराची. एका गाण्याचा विरणारा सूर आणि दुसऱ्याचा उगवणारा सूर जुळणारे नसतील तर ते तीन-चार सेकंद कानात खुपतात. तानपुरा न मिळवता दुसरा राग सुरू केल्यासारखं होतं. यावर उपाय म्हणजे जिथे सूर नाही, नुसता आवाज आहे, अशी जागा शोधणं: वारा, घंटा, माणसांची गडबड, विरून गेलेली झांज. सुदैवाने पिंक फ्लॉइडच्या गाण्यांत अशा जागा विपुल आहेत.

तिसरी अडचण कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे 'शांतता'. १९६७ च्या टेपवरची शांतता आणि १९९४ च्या टेपवरची शांतता सारखी नसते. जुन्या टेपला बारीक सरसर असते. गाणं संपताच ती सरसर एकदम बंद झाली, तर पंखा अचानक बंद झाल्यावर दचकतो तसं होतं. तीही हळूच विरवावी लागते.

शिवाय मूळ ध्वनिमुद्रणांतली तफावत मोठी आहे. पहिला अल्बम अॅबी रोडच्या स्टुडिओत चार ट्रॅकच्या टेपवर झाला. म्हणजे सगळी वाद्यं आणि आवाज मिळून चारच स्वतंत्र पट्ट्या. 'द डार्क साइड' त्याच इमारतीत, पण सोळा ट्रॅकवर. 'सी एमिली प्ले' तर मोनो आहे, दोन्ही कानांत एकच आवाज. त्याचं खरं स्टिरिओ मिश्रण नाहीच. अशी गाणी शेजारी ठेवताना त्यांची पातळी आणि पोत जवळ आणावा लागतो. सगळं मिश्रण झाल्यावर शेवटचा हात फिरवण्याच्या या कामाला मास्टरिंग म्हणतात. भिंती वेगवेगळ्या गवंड्यांनी बांधल्या असल्या तरी रंगाचा हात एकाचा असावा, तसं.

'द हॅपिएस्ट डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' आणि 'अनदर ब्रिक' ही जोडी मात्र जशीच्या तशी ठेवली आहे. पहिल्याच्या शेवटच्या किंकाळीतून दुसरं फुटतं. तो सांधा मूळ अल्बमवरच इतका पक्का आहे की तिथे हात लावला असता तर लोकांनी माफ केलं नसतं.

'पण ही तर कापाकापी झाली!'

हा सर्वांत जुना आक्षेप आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'शाइन ऑन'चे नऊ भाग मूळ अल्बमवर दोन तुकड्यांत आहेत: आरंभी पहिले पाच, शेवटी उरलेले चार, आणि मधे तीन गाणी. ज्या बॅरेटसाठी ते गाणं आहे, त्याच्याकडे फिरून परत येण्याचा हा प्रवास त्या मधल्या अंतरामुळे लागतो. संकलनात पाचव्याला सहावा भाग चिकटला की तो प्रवास गेला. आठवा-नववा भाग नाही, म्हणजे राइटचा तो संथ शेवटही गेला. हे नुकसानच आहे.

'द डार्क साइड'मधली चार गाणी घेतली आहेत आणि चारही विखुरली आहेत. मूळ अल्बमवर 'टाइम' संपून 'द ग्रेट गिग' उगवतं आणि 'मनी'तून 'अस अँड देम'मध्ये आपण अलगद उतरतो. इथे 'टाइम' दुसऱ्या सीडीवर आहे आणि 'द ग्रेट गिग' पहिल्या. मूळ अल्बम पाठ असलेल्या माणसाचा कान प्रत्येक वेळी चुकीच्या पायरीवर पाय पडल्यासारखा अडखळतो.

पण मूळ अल्बम कुठे नाहीसे झालेले नाहीत. संकलन हा मूळ कामाचा पर्याय मानला तर ते तोकडं आहे. आठ-दहा अल्बमची ओळख करून देणारी अडीच तासांची मैफल मानलं तर ते भक्कम आहे.

कोण गाळलं गेलं?

१४ पैकी चार अल्बममधून एकही गाणं नाही: 'मोअर' आणि 'उमागुमा' (१९६९), 'अॅटम हार्ट मदर' (१९७०) आणि 'ऑब्स्क्युअर्ड बाय क्लाउड्स' (१९७२). यांतले 'मोअर' आणि 'ऑब्स्क्युअर्ड' चित्रपटांसाठी केलेले होते. 'अॅटम हार्ट मदर' मात्र ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलेला त्यांचा पहिला अल्बम. त्याची मुख्य रचना २३ मिनिटांहून लांब आहे, म्हणजे पुन्हा तोच मापाचा प्रश्न. तरीही त्यातलं एखादं छोटं गाणं घेता आलं असतं, असं मला वाटतं. बॅरेट गेल्यावर आणि मोठं यश मिळण्याआधी बँडने चाचपडत वाट शोधली, तो सगळा काळ या संकलनात जवळजवळ दिसत नाही. पहिला अल्बम ऐकून थेट 'मेडल'वर ('एकोज' हे गाणं ज्यात आहे तो १९७१ चा अल्बम) पोहोचलं की मधला पूल कुठे गेला, ते कळत नाही.

१९७७ च्या 'अॅनिमल्स'मधून एकच गाणं आहे, 'शीप'. त्यातलं 'डॉग्ज' सतरा मिनिटांचं, म्हणून बसलं नाही. १९९४ च्या 'द डिव्हिजन बेल'ची मात्र तीन गाणी आहेत. हा तोल मला पटत नाही. पण जे घेतलं त्यात 'सेट द कंट्रोल्स फॉर द हार्ट ऑफ द सन' आहे, हे मोलाचं. बॅरेट आणि गिल्मरसह पाचही जण ज्यात वाजले आहेत असं मानलं जाणारं हे बँडचं एकमेव गाणं.

परवानगी कुणाची, पैसे कुणाला?

गाण्यावर दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा: शब्द आणि चाल, जे लिहिणाऱ्याचं. दुसरा ध्वनिमुद्रणाचा: त्या दिवशी स्टुडिओत जे टेपवर उतरलं ते, जे सहसा कंपनीकडे किंवा करारानुसार बँडकडे. घराची जागा एकाची आणि बांधकाम दुसऱ्याचं, असं समजा. २०२४ मध्ये सोनीला विकलं गेलं ते दुसऱ्या प्रकारचं, सोबत बँडच्या नावाचे आणि चित्रांचे हक्क. रचनेचे हक्क त्या सौद्यात नव्हते.

संकलनाला दोन्ही हक्क लागतात आणि इथेच घोडं अडतं. १९८१ मध्ये बँडचं आणखी एक संकलन निघालं, तेव्हा अमेरिकेत 'मनी'चं ध्वनिमुद्रण एका कंपनीकडे आणि संकलन काढणारी दुसरी, असा पेच पडला. पहिलीने नकार दिला. मग गिल्मरने 'मनी' नव्याने ध्वनिमुद्रित केलं. ड्रम्स, बास, गिटार, की-बोर्ड, गायन जवळपास सगळं स्वतःच केलं आणि सॅक्सोफोनसाठी मूळ वादक डिक पॅरीला पुन्हा बोलावलं. चाल-शब्द त्यांचेच होते. अडलं होतं ते ध्वनिमुद्रण, आणि ते नवं करण्याला कुणी अडवू शकत नव्हतं.

पैशांचा हिशोबही उकलून पाहण्यासारखा आहे. 'एकोज' निघालं त्या वर्षी अमेरिकेत कायद्याने ठरलेला रचनेचा दर प्रत्येक विकलेल्या प्रतीमागे दर गाण्याला ७.५५ सेंट होता. पाच मिनिटांहून लांब गाण्याला मात्र दर मिनिटाला १.४५ सेंट, अपुरं मिनिट पूर्ण धरून. त्या दराने 'बाइक'ला ७.५५ सेंट आणि साडेसोळा मिनिटांच्या 'एकोज'ला १७ मिनिटांचे २४.६५ सेंट. करारांत हे दर कमी करून घेण्याची पद्धत होती, त्यामुळे हातात पडणारी रक्कम कमी असू शकते. पण कोणाचं गाणं घेतलं आणि किती लांबीचं घेतलं, यावर पैसा फिरतो, हे कळायला एवढं पुरे.

क्लेअर टॉरीची गोष्ट याच हिशोबातली. 'द ग्रेट गिग'मध्ये शब्दांविना आकांत गाणारी ती गायिका. एका रविवारच्या कामाचे तिला ३० पौंड मिळाले होते. 'एकोज'वर त्या रचनेचं श्रेय एकट्या राइटचं आहे. तिने २००४ मध्ये दावा लावला, २००५ मध्ये तडजोड झाली आणि त्यानंतर राइटसोबत तिचंही नाव लागलं. चालीचा पाया राइटचा असला तरी त्यावरची ती सगळी गायकी तिला उत्स्फूर्त सुचलेली. नाव लागायला तीस वर्षांहून अधिक काळ जायला नको होता.

विक्रीच्या आकड्यांबद्दलही एक खुलासा हवा. अमेरिकेत 'प्लॅटिनम' म्हणजे दहा लाख नग. पण शंभर मिनिटांहून मोठ्या दुहेरी अल्बमची प्रत्येक सीडी वेगळी मोजतात. त्यामुळे 'चार वेळा प्लॅटिनम' असं लिहिलेल्या 'एकोज'चे संच चाळीस लाख नव्हे, वीस लाख धरायचे.

'प्लेलिस्ट असताना संकलन कशाला?'

मूळ अल्बममधली तीच २६ गाणी त्याच क्रमाने लावली, तरी 'एकोज' तयार होत नाही. लांबी वेगळी, सांधे नाहीत, आणि जी गाणी मुळात दुसऱ्या गाण्याला जोडलेली आहेत ती मधेच तुटतात. 'अस अँड देम' संपता संपता पुढचं गाणं सुरू व्हायला हवं, तिथे अचानक भिंत लागते.

तुमच्याकडे सीडी असेल आणि ती संगणकावर घ्यायची असेल, तर काही गोष्टी सांभाळा. फ्लॅक किंवा वेव्ह या, ध्वनीतलं काही न गाळणाऱ्या स्वरूपात घ्या. एमपी३ मध्ये ध्वनी ११५२ नमुन्यांच्या ठरावीक चौकटींत बांधला जातो, एक चौकट साधारण २६ मिलिसेकंदांची. गाणं त्या मापात नेमकं बसत नाही, म्हणून उरलेली जागा शांततेने भरली जाते आणि सांध्यावर बारीक 'टक्' ऐकू येतं. नवे प्लेअर ही भर ओळखून वगळतात, जुने वगळत नाहीत.

पुन्हा सीडी लिहायची असेल तर 'डिस्क अॅट वन्स' निवडा. 'ट्रॅक अॅट वन्स' ठेवलं की प्रत्येक गाण्यामागे दोन सेकंदांची पोकळी पडते आणि गथ्रीची सगळी मेहनत वाया जाते.

फोनवर ऐकताना शफल, म्हणजे गाणी कशीही पिसून लावणारी सोय, बंद ठेवा. अॅपमधला क्रॉसफेडही शून्यावर आणा, नाहीतर केलेल्या सांध्यावर यंत्र आणखी एक सांधा घालतं. आवाजाची पातळी सारखी करणारी सोय असेल तर ती 'अल्बम'वर ठेवा. 'ट्रॅक'वर ठेवली की हळू गाणं वर उचललं जातं, जोराचं खाली दाबलं जातं, आणि दोन गाण्यांच्या सीमेवर आवाजाची पायरी पडते.

एकच गाणं वेगळं काढलं की त्याच्या डोक्याला आधीच्या गाण्याचं शेपूट किंवा शेवटाला पुढच्याचं तोंड का लागतं, याचंही कारण सांध्यातच आहे. मिसळलेल्या चार सेकंदांत एक गाणं कुठे संपलं, हे सांगणारी रेघ नसते. सीडीवर ट्रॅकची खूण मात्र कुठेतरी टाकावीच लागते.

एलपीवर हे संकलन चार तबकड्यांवर निघालं. १५५ मिनिटं आठ बाजूंना वाटली की प्रत्येकी साधारण साडेएकोणीस मिनिटं येतात. आवाजासाठी हे माप उत्तम. पण आठ बाजू म्हणजे सात वेळा उठणं, आणि तितके सांधे सुईखाली तुटणं. या एका संकलनापुरती मी सीडीचीच शिफारस करेन.

गाणी सुटी का विकू देत नव्हते?

मार्च २०१० मध्ये लंडनच्या हायकोर्टात पिंक फ्लॉइड आणि त्यांची तेव्हाची कंपनी ईएमआय समोरासमोर आले. करारात अल्बमची अखंडता राखण्याचं कलम होतं. कंपनीचं म्हणणं, ते सीडीला लागू आहे, इंटरनेटवर सुटी गाणी विकायला नाही. न्यायालयाने बँडची बाजू घेतली: परवानगीशिवाय अल्बम फोडता येणार नाही. जानेवारी २०११ मध्ये दोघांचा नवा करार झाला आणि तो वाद मिटला.

मग ज्यांनी अल्बम फोडू नये म्हणून कोर्ट गाठलं, त्यांनीच 'एकोज'मध्ये तो कसा फोडू दिला? विसंगती वाटते खरी. पण सुटं विकण्यात क्रम कुणीच ठरवत नाही. 'एकोज'मध्ये एक क्रम मोडून दुसरा बांधला गेला, आणि तोही आपसांत बोलणं तुटलेल्या माणसांच्या संमतीने. वॉटर्स आणि गिल्मर २००१ मध्ये एका खोलीत बसून हे करण्याच्या मनःस्थितीत नव्हते. तरी दोघांच्या काळातली गाणी एकमेकांना चिकटून बसली आहेत. स्टॉर्म थॉर्गरसनच्या मुखपृष्ठावर खिडकीतून खिडकी दिसते आणि प्रत्येकीत जुन्या मुखपृष्ठांच्या खुणा आहेत, ते याच अर्थाने नेमकं आहे.

इथून पुढे

'शीप' आवडलं तर 'अॅनिमल्स' सबंध ऐका, अवघे पाच ट्रॅक आहेत. 'हाय होप्स'मधल्या घंटेने धरून ठेवलं तर 'द डिव्हिजन बेल'. 'बाइक'चा वेडेपणा भावला तर १९६७ चा पहिला अल्बम. आणि संकलनातलं 'एकोज' दोन-तीनदा ऐकून झालं की 'मेडल'ची दुसरी बाजू लावा. ती पूर्ण बाजू म्हणजे हे एकच गाणं आहे, न कापलेलं. सुरुवातीचा तो एकुलता 'टिंग' हा राइटच्या पियानोचा एकच सूर, फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढलेला. मधे वाऱ्यावर समुद्रपक्ष्यांसारख्या किंकाळ्या येतात, त्या कोणत्याही पक्ष्याच्या नाहीत. गिल्मरच्या वा-वा पेडलला (गिटारचा आवाज बदलणारं, पायाने चालवायचं उपकरण) गिटारची आणि अॅम्प्लिफायरची वायर उलटसुलट जोडली गेल्यावर तो आवाज निघाला आणि त्यांनी तो तसाच ठेवला. हेडफोन लावा, दिवे मालवा आणि ती मिनिटं पुढे ढकलू नका.